कल्हईचें कथील आणि चित्रकथेंतील यंत्रमानव

घरांत वावरणाऱ्या धातूंपैकीं कथलाइतका उपेक्षित धातु दुसरा नसेल. सोन्याला तिजोरी, तांब्यापितळेला देवघर व फडताळ, लोखंडाला गिरणी आणि शेत. ज्याचा त्याचा मान ठरलेला आहे. कथील मात्र पातेल्याच्या आंतल्या अंगाला लागून मुकाट्यानें काम करीत असतें, आणि तें झिजून ताक कळकूं लागलें म्हणजेच त्याची आठवण होते. सोलापुरांत नवी पेठेसारख्या जुन्या वस्तींत ज्या घरीं आजीच्या हातचें पितळेचें पातेलें अजून माळ्यावर आहे, तेथें कल्हई हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. परंतु ह्याच दुबळ्या धातूला एका अमेरिकन चित्रकथेनें शूराची भूमिका दिली, ही गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल.

महाबली नायकांच्या चित्रकथा आपल्याकडे अपरिचित नाहींत. १९६४ सालीं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघूं लागलें आणि वेताळ व मँड्रेक घरोघर पोहोंचले. त्याच्या दोन वर्षें आधीं, १९६२ मध्यें, अमेरिकेंत ‘शोकेस’ ह्या पुस्तकमालेच्या ३७ व्या अंकांत ‘मेटल मेन’ म्हणजे ‘धातूचीं माणसें’ ही कथा प्रसिद्ध झाली. लेखक रॉबर्ट कॅनिगर आणि चित्रकार रॉस अँड्रू. डॉक्टर विल मॅग्नस नांवाचा शास्त्रज्ञ सहा धातूंचे सहा यंत्रमानव घडवितो व प्रत्येकाच्या अंगांत एक चिमुकलें यंत्र बसवितो. त्या यंत्रामुळें ते हुकूम पाळतात, इतकेंच नव्हे, तर त्यांना राग, लोभ, प्रेम आणि भीति हींही जडतात.

गंमत अशी कीं, प्रत्येकाचा स्वभाव लेखकानें त्या त्या धातूच्या गुणांवरून बेतला आहे. सोनें सर्वांचा पुढारी. त्याची तार मैलोगणती ओढतां येते, म्हणून तो वाटेल तेवढा लांबतो. लोखंड बळकट. शिसें जड अंगाचें व मंद बुद्धीचें. परंतु घातक किरण अडविण्यास तेंच उपयोगी पडतें. पारा तापट आणि गर्विष्ठ, कारण साध्या हवेंत पातळ राहणारा धातु आपणच एकटे, हें तो कोणालाहि विसरूं देत नाहीं. प्लॅटिनमला स्त्रीचें रूप दिलें आहे, आणि ती आपल्या निर्मात्यावरच अनुरक्त आहे. सहावा कथील. अंगानें लहान, बोलतांना अडखळणारा, आपल्या हातून कांहीं होईल असा भरंवसा नसलेला.

लेखकानें कथलावर अन्याय केला काय? शास्त्र पाहूं गेल्यास तसें म्हणतां येत नाहीं. लोखंड वितळण्यास सुमारें १,५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते, सोन्यास १,०६४ आणि प्लॅटिनमला १,७६८. कथील २३२ अंशांवरच पाणी होतें. तें इतकें मऊ कीं, त्याची कांडी हातानें वांकविली तर वांकते. आणि वांकतांना तिच्यांतून करकर असा बारीक आवाज निघतो. आंतल्या स्फटिकांची रचना वांकतांना पालटल्यानें तो होतो. पाश्चात्य धातुशास्त्रज्ञांनीं त्याला कथलाचें रडणें असेंच नांव दिलें आहे. शिवाय थंडीचेंहि त्याला भय. सुमारें १३ अंशांच्या खालीं दीर्घकाळ राहिल्यास शुद्ध पांढरें कथील हळूहळू करड्या भुकटींत रूपांतर पावूं लागतें. सोलापूरच्या हवेंत ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु उत्तरेकडील देशांत तिचा अनुभव येतो. असा रडणारा, थंडीनें खचणारा, थोड्या आंचेनें वितळणारा धातु भित्रा दाखविला तर त्यांत नवल नाहीं.

पण कथा येथें थांबत नाहीं. हा भित्रा कथील प्रत्येक संकटांत, पाय लटपटत असतांहि, पुढें होतो. आपण टिकणार नाहीं हें त्याला इतरांपेक्षां अधिक ठाऊक असतें, तरी तो मागें राहत नाहीं. पहिल्याच कथेंत हे सहाहि यंत्रमानव एका किरणोत्सर्गी राक्षसी प्राण्याशीं झुंजतांना नष्ट होतात. पण पुढील अंकांत त्यांना परत आणलें गेलें आणि १९६३ सालीं त्यांच्या नांवाची स्वतंत्र पुस्तकमाला सुरू झाली. सोन्यानें शौर्य दाखविलें तर त्यांत विशेष तें काय? ज्याला भीति वाटते त्याचेंच धैर्य मोजण्यासारखें असतें. लहान मुलांना ही गोष्ट उपदेशानें जितकी पटत नाहीं, तितकी ह्या पत्र्याच्या पोरानें पटते.

आतां कल्हईकडे वळूं. तांब्यापितळेच्या भांड्यांत ताक, चिंचेचें सार किंवा आमसुलाची कढी ठेविली तर आंबटाचा तांब्यावर परिणाम होऊन पदार्थ कळकतो व पोटास अपाय होतो. हें टाळण्यासाठीं भांडें आंतून कथलानें मढवितात. कल्हईवाला प्रथम भांडें घासून लख्ख करतो, मग भात्यानें फुलविलेल्या कोळशावर तें तापवितो. तापल्यावर नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्यानें पुसतो. पांढरा धूर निघतो आणि नाकाला झोंबतो. नवसागर तापला कीं त्याचे दोन घटक अलग होतात, अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड. हा दुसरा घटक तांब्यावरील गंज काढून टाकतो व कथलाला धरावयास स्वच्छ जागा मिळते. लगेच कथलाची कांडी टेंकवितात. ती क्षणांत वितळते, बोळा फिरतो, आणि काळवंडलेल्या भांड्यांत चांदण्यासारखी चकाकी पसरते. कथील कमी उष्णतेवर वितळतें हा त्याचा दुबळेपणा, परंतु ह्या दुबळेपणामुळेंच रस्त्याकडेच्या छोट्या भट्टीवर हें काम होऊं शकतें. लोखंडाचा मुलामा देणें तेथें कोणाला साधलें असतें?

इतर ठिकाणींहि कथलाची रीत हीच. तांब्यांत मिसळलें कीं कांसें होतें आणि तांब्यापेक्षां टणक बनतें. मानवजातीच्या इतिहासांतील एक सबंध युग ह्या मिश्रणाच्या नांवानें ओळखलें जातें. शिशाबरोबर मिसळलें कीं डाख होते व तारांचे सांधे जुळतात. लोखंडी पत्र्यावर पातळ थर दिला कीं अन्न टिकविण्याचा डबा होतो. सर्वत्र मोठें नांव दुसऱ्याचें आणि मधलें काम कथलाचें.

कथा सांगतांना ‘रोबॉट’ ह्या शब्दाचा उगमहि विसरतां कामा नये. चेक लेखक कारेल चापेक ह्यांचें ‘आर. यू. आर.’ हें नाटक १९२० सालीं प्रसिद्ध झालें व १९२१ च्या आरंभीं प्राग येथें रंगभूमीवर आलें. हा शब्द त्यांना त्यांचे बंधु योसेफ ह्यांनीं सुचविला. चेक भाषेंत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. म्हणजे यंत्रमानव ह्याचा मूळ अर्थ वेठबिगार! गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस मोजलेल्या आणि यंत्रमागांच्या खडखडाटांत वाढलेल्या सोलापुरास यंत्र व वेठ ह्यांचें नातें निराळें समजावून सांगावयास नको. जो राबतो त्याला मन आहे काय, नांव आहे काय, हा प्रश्न त्या नाटकानें विचारला. आणि मुलांच्या चित्रकथेंतहि तो नकळत डोकावला. १९६५ सालच्या एका अंकांत एकटेपणानें कंटाळलेला कथील सुट्या भागांचा संच आणून स्वतःच एक यंत्रकन्या तयार करतो. ती इतरांबरोबर संकटांत उतरते. पण लेखक तिला नांव देत नाहीं. वाचकांत ती ‘निनावी’ म्हणूनच ओळखली जाते. कथलाची तरी कोणीं दखल घेतली. त्याच्या मदतनिसाला तेवढेंहि लाभलें नाहीं. घरोघरीं भांडीं घासणाऱ्या, भट्टीचा भाता ओढणाऱ्या किती हातांचीं नांवें घरांतल्यांस ठाऊक असतात, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. कल्हई केलेलें भांडें रिकामें आंचेवर ठेवूं नये. २३२ अंशांची मर्यादा कोरड्या भांड्यांत लवकर ओलांडली जाते व थर वितळून गोळा होतो. दुसरें, कथलांत शिसें मिसळलें तर तें स्वस्त पडतें, परंतु शिसें विषारी आहे. शुद्ध कथलाची कांडी वांकवितांना करकरते. शिशाचें प्रमाण फार असलें तर ती करकरत नाहीं आणि कागदावर ओढल्यास काळसर रेघ उमटते. म्हणून कल्हई करवून घेतांना कांडी हातीं घेऊन पाहण्यास संकोच करूं नये, आणि चांगल्या कारागिराला त्याचें मोल देतांना घासाघीस करूं नये. स्टेनलेस स्टीलच्या व अॅल्युमिनियमच्या भांड्यांनीं त्याचें काम पुष्कळ कमी झालें आहे. मुलें चित्रकथा वाचतात म्हणून रागावण्यापेक्षां, पुढील खेपेस भट्टी पेटेल तेव्हां त्यांना जवळ उभें करावें आणि तो भित्रा शूर खरोखर कसा वितळतो, स्वतः झिजून दुसऱ्याचें अन्न कसें राखतो, हें डोळ्यांनीं पाहूं द्यावें.