पनवेलच्या खाडीतून घारापुरीच्या धक्क्याकडे : भरती-ओहोटीचे गणित

पनवेल हे आज रेल्वे, महामार्ग आणि विमानतळ यांचे शहर म्हणून ओळखले जात असले, तरी त्याची मूळ ओळख बंदराची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी बहुधा पनवेलपर्यंत गलबताने येत असे व तेथून बोरघाट चढत असे. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली, ती या वर्दळीच्या काळातच. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि खाडीतील वाहतुकीचे महत्त्व ओसरले. त्या गलबतांना सुटण्याची वेळ घड्याळ पाहून ठरविता येत नसे. खाडीत भरतीचे पाणी असेल तेव्हाच ती पनवेलला लागत आणि सुटत.

या परिस्थितीत आजही फरक पडलेला नाही. मुंबई बंदरातील घारापुरी बेटाकडे शिडाची सहलनौका, म्हणजेच यॉट, न्यावयाची असेल, तर प्रवास सुखरूप होणार की नाही हे बव्हंशी किनारा सोडण्यापूर्वीच ठरलेले असते. बेलापूरच्या बाजूने हे अंतर सरळ रेषेत सुमारे १२ किलोमीटर आहे. ताशी ९ किलोमीटर वेगाने हा दीड तासाचा प्रवास. तो लहान असल्यामुळेच तयारीकडे दुर्लक्ष होते.

तिथी आणि पाणी

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळी बांधवांचा एक जुना हिशेब सर्वपरिचित आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीस ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब अंदाजाचा आहे. नेमकी वेळ व उंची भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकांतूनच घ्यावी. ज्या नोंदींवर अशी कोष्टके उभी आहेत, त्या मुंबईत अपोलो बंदर येथे १८७८ पासून घेतल्या जात आहेत.

वेळेइतकेच महत्त्व उंचीला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची. मुंबई बंदरात उधाणाच्या भरतीची सरासरी उंची ४.४ मीटर आणि ओहोटीची ०.८ मीटर आहे. भांगाच्या दिवसांत हेच आकडे ३.३ व १.९ मीटर असतात. म्हणजे उधाणात पाणी ३.६ मीटर चढते-उतरते आणि भांगात केवळ १.४ मीटर. या उंची नकाशाच्या आधारपातळीपासून मोजलेल्या असतात. सागरी नकाशावर छापलेली खोलीही त्याच पातळीखालची असते. ही पातळी इतकी खालची धरलेली असते की, पाणी तिच्याखाली क्वचितच जाते. म्हणून प्रत्यक्ष खोली काढताना नकाशावरील खोलीत त्या वेळच्या पाण्याची उंची मिळवावयाची.

एक उदाहरण घेऊ. समजा, नौकेचा पाण्याखालील भाग १.५ मीटर आहे आणि तिच्या कण्याखाली निदान अर्धा मीटर पाणी हवे. म्हणजे एकूण २ मीटर. मार्गावरील एखाद्या ठिकाणी नकाशाने अर्धा मीटर खोली दाखविली असेल, तर तेथे भरतीची उंची किमान १.५ मीटर असली पाहिजे. भांगाच्या सरासरी दिवशी पाणी १.९ मीटरच्या खाली उतरत नाही, म्हणून ती जागा दिवसभर खुली राहते. उधाणाच्या दिवशी मात्र ओहोटीच्या आगेमागे सुमारे सव्वातीन तास तीच जागा बंद होते.

हे तास कसे काढावयाचे, यासाठी बाराव्या भागाचा नियम आहे. भरती सहा तासांत चढते असे धरल्यास, पहिल्या तासात एकूण चढाच्या एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक बारांश पाणी वाढते. उधाणात हा बारांश ३० सेंटिमीटरचा असतो. मधल्या दोन तासांत पाणी प्रत्येकी ९० सेंटिमीटर चढते किंवा उतरते आणि प्रवाहाचा जोरही तेव्हाच सर्वाधिक असतो. शाळेत अपूर्णांक शिकविताना याहून चांगले उदाहरण खाडीकाठच्या शिक्षकांना मिळणे कठीण आहे.

दिवस कोणता निवडावा

पौर्णिमेचा दिवस सहलीला आकर्षक वाटतो, पण या मार्गासाठी तो गैरसोयीचा आहे. त्या दिवशी दुपारी बाराच्या आत-बाहेर पूर्ण भरती असते. सकाळी दहाला निघून साडेअकराला बेट गाठता येते, परंतु परतीच्या वेळी खाडीतील पाणी उतरलेले असते. नवी भरती सायंकाळी सहाच्या सुमारास सुरू होऊन तिचा उपयोग होईपर्यंत अंधार पडतो.

हिवाळ्यातील अष्टमी-नवमी त्या मानाने सोयीची. सकाळी सहा-साडेसहाला भरती पूर्ण होते. उजाडताच सातच्या सुमारास निघाल्यास पहिल्या तासात पाणी फारसे उतरत नाही, ओहोटीचा प्रवाह पाठीशी असतो आणि जमिनीकडून वाहणारे मतलई वारे शिडाला साहाय्य करतात. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि भरतीही चढू लागते. साडेतीन-चारला बेट सोडल्यास वारा व पाणी दोन्ही घराकडे नेतात. खाडीच्या तोंडाशी पोहोचताना भरतीचा थोडा वेळ शिल्लक असतो, हे विशेष महत्त्वाचे. चढत्या पाण्यात गाळाला लागलेली नौका काही वेळाने आपोआप तरंगते. पूर्ण भरतीनंतर लगेच अडकलेली नौका पुढील भरतीपर्यंत, म्हणजे सुमारे बारा तास, तेथेच राहते. भांगाची भरती कमी चढत असल्याने पनवेलच्या बाजूच्या उथळ भागात मात्र ती पुरेलच असे नाही. तेथून निघणाऱ्यांनी हिशेब स्वतंत्र करावा.

लेणी सोमवारी बंद असतात. अष्टमी सोमवारी येत असेल तर हा सगळा हिशेब धक्क्यापुरताच उरतो!

वाटेवरील खुणा

पनवेलच्या खाडीवर रस्त्याचे व लोहमार्गाचे पूल असून, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू घारापुरीच्या उत्तरेकडून जातो. पुलाखालून जाताना भरतीचा हिशेब उलटा होतो. कण्याखाली पाणी वाढते, तेवढीच डोलकाठी आणि पूल यांमधील जागा कमी होते. डोलकाठीची पाण्यापासूनची उंची मोजून ठेवावी आणि नौकांसाठी ठरवून दिलेल्या गाळ्यातूनच जावे. खाडीत डोल जाळ्यांचे खुंट असतात. भरतीत त्यांतील काही पाण्याखाली दडतात. ते कोठे आहेत हे स्थानिक कोळ्यांना विचारण्यात कमीपणा मानू नये.

दिशा राखण्यासाठी किनाऱ्यावरील दोन ठळक खुणा एका रेषेत धरणे ही जुनी पद्धत आहे. त्या एकमेकींपासून सरकू लागल्या की, नौका प्रवाहाने वाहवत आहे असे समजावे. पनवेल तालुक्यातील कर्नाळ्याचा सुळका अशा खुणांमध्ये अग्रगण्य असून, इंग्रजांच्या जुन्या नोंदींत त्याचे ‘फनेल हिल’ असे नाव आढळते. सर्वच खुणा मात्र टिकत नाहीत. उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी नवी मुंबई विमानतळासाठी कापली गेली. जुना नकाशा घेऊन निघालेल्यास ती शोधून सापडणार नाही.

समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोये डाव्या हातास व हिरवे उजव्या हातास ठेवावयाचे, अशी भारतातील व्यवस्था आहे. खाडीतून बाहेर पडताना ते उलट दिसतात. घारापुरीच्या पश्चिमेस जवाहर द्वीपाचा तेलधक्का असून त्याच्या जवळपास जाण्यास मनाई आहे. दक्षिणेकडून न्हावा-शेवा येथील बंदराकडे मोठी जहाजे जातात. अशा खोल जहाजास अरुंद मार्ग सोडून वळता येत नाही. म्हणून शिडाच्या अथवा २० मीटरपेक्षा लहान नौकेने त्याला अडथळा करू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिडाच्या नौकेस यांत्रिक नौकेने वाट द्यावी, हा नियम पुष्कळांना ठाऊक असतो. त्याचा हा अपवाद तितकासा ठाऊक नसतो. समोरच्या जहाजाची दिशा होकायंत्रावर बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर निश्चित आहे असे धरून चालावे.

धक्क्यावर

बेटावर शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत. येथील मोराबंदर आणि उरणजवळचे मोरा बंदर ही भिन्न ठिकाणे होत. प्रवासी लाँचेस शेतबंदरच्या धक्क्यास लागतात. हा धक्का इतका लांब का बांधावा लागला, याचे उत्तर त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या चिखलात आहे. गर्दीच्या वेळी लाँचेस एकमेकींना खेटून उभ्या असतात. त्यांच्यामध्ये यॉट घालण्याऐवजी थोडे दूर, वाहतुकीच्या बाहेर नांगर टाकून लहान होडीने उतरणे श्रेयस्कर. नांगराची साखळी भरतीच्या खोलीनुसार, तिच्या निदान पाचपट सोडावी. जागा मात्र ओहोटीची खोली पाहून निवडावी.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जणांचे प्राण गेले. दुसऱ्या घटनेत चूक प्रवाशांची नव्हती, भरतीचीही नव्हती. भर दुपारी, शांत पाण्यात ती घडली. जीवरक्षक जाकीट फळीखाली ठेवून भागत नाही, ते धक्का सोडण्यापूर्वी अंगावर बांधलेले असावे लागते. विद्यार्थ्यांची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी बोटीची मंजूर प्रवासीसंख्या विचारावी आणि मुलांच्या मापाची जाकिटे आहेत का, हे स्वतः पाहावे.

निघण्यापूर्वी नौकेचे नाव, माणसांची संख्या, मार्ग आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावरील जबाबदार व्यक्तीकडे लिहून द्यावी. खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना यासाठी धक्क्यावर एक वही ठेवणे अवघड नाही. ठरलेली वेळ टळल्यास तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळविता येते. नौकेवर रेडिओ संच असल्यास संकटाचा संदेश १६ क्रमांकाच्या वाहिनीवर द्यावयाचा असतो. सुखरूप परत आल्यावर त्या वहीत तशी नोंद करण्यास विसरू नये, कारण नौका घरी पोहोचलेली असताना तिच्या शोधासाठी रात्रभर बोटी फिरल्याचे प्रसंगही घडू शकतात.