फुटबॉल पलटणीने आणला, पण एकट्या पलटणीने नाही

महूत फुटबॉलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: हा खेळ गोऱ्या सोल्जरांनी आणला. ते अर्धंच खरं आहे. मंदसौरच्या तहानंतर १८१८ मध्ये महूला इंग्रजांची छावणी बसली. आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचे नियम लंडनमध्ये ठरले ते १८६३ मध्ये. म्हणजे पहिली पंचेचाळीस वर्षं छावणीत कुणी हा खेळ खेळणं शक्यच नव्हतं. बॉलला लाथा मारत असतील, तो भाग वेगळा.

आणि ते नियम काही सोल्जरांनी केले नव्हते. १८४८ मध्ये केंब्रिजला वेगवेगळ्या शाळांतून आलेली मुलं एकत्र खेळायला उभी राहिली, तर प्रत्येकाची रीत निराळी. कुणाच्या शाळेत बॉल हातात घेतलेला चालायचा, कुणाच्या नाही. रोजच्या भांडणाला कंटाळून त्यांनी नियम कागदावर उतरवले. पुढे १८६३ च्या नियमांवर केंब्रिजची छाप पडली. इंग्लंडच्या एफए कपात १८७४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने रॉयल इंजिनीअर्स या लष्करी संघाला २-० ने हरवलं. पुढच्याच वर्षी रॉयल इंजिनीअर्सने कप उचलला. कॉलेज आणि पलटण यांची ही चुरस खेळाच्या जन्मापासूनची आहे.

अमेरिकेच्या ‘कॉलेज फुटबॉल’बद्दलचा गैरसमज याहून मजेदार आहे. टीव्हीवर हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड घालून धडका देणारे गडी पाहिले की वाटतं, हा खेळ सुरुवातीपासून असाच असणार. ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत जो पहिला सामना झाला म्हणतात, त्यात बॉल गोल होता, एका बाजूला पंचवीस गडी होते आणि बॉल उचलून पळायला बंदी होती. रटगर्स ६-४ ने जिंकलं. त्यातलं कुणी आज महूच्या मैदानावर उतरलं असतं तर आपला खेळ त्याने चटकन ओळखला असता. अमेरिकेतल्या स्टेडियममध्ये मात्र तो गोंधळून गेला असता. खेळ फिरला तो १८७४ मध्ये, कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डला येऊन रग्बीच्या नियमांनी खेळला तेव्हा. मग येलच्या वॉल्टर कॅम्पने १८८० पासून त्या रग्बीचीही मोडतोड केली: अकरा गडी, ठरावीक जागेवरून नवा डाव. १९०५ पर्यंत मैदानावर इतकी मुलं दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलवावं लागलं. पुढच्याच वर्षी बॉल पुढे फेकायला परवानगी मिळाली.

रग्बीची दंतकथाही इथेच निकालात काढू. १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने बॉल उचलून पळ काढला आणि रग्बी जन्मली, असं सांगतात. ही गोष्ट पहिल्यांदा छापून आली ती १८७६ मध्ये, एलिस वारल्यावर चार वर्षांनी.

आता आपल्याकडे येऊ. शिमल्यात १८८८ मध्ये ड्युरँड कप सुरू झाला, मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स कप. या दोन्ही स्पर्धा सुरुवातीला गोऱ्या पलटणींच्याच होत्या. हिंदी माणसाला खेळ मिळाला तो दुसऱ्या दाराने. कोलकात्यात १८७७ च्या सुमाराला नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या शाळकरी मुलाने मित्रांकडून वर्गणी काढून बॉल आणला. दुकानदाराने, असं सांगतात, रग्बीचाच बॉल गळ्यात मारला. शाळेशेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक स्टॅक यांनी मग मुलांना खरा खेळ शिकवला. पुढे नगेंद्रप्रसादांच्या क्लबात एका कुंभाराच्या मुलाला घ्यायला इतरांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी क्लबच मोडला आणि शोभाबाजार क्लब उभारला. मला यांतली हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. १८९२ मध्ये शोभाबाजारने ट्रेड्स कपात ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं.

१९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हाही कॉलेज मैदानात होतंच. निर्णायक गोल करणारे अभिलाष घोष स्कॉटिश चर्चेस कॉलेजचे विद्यार्थी होते. बूट घालून खेळणारे एकटे सुधीर चॅटर्जी कॉलेजात शिकवत. बाकी दहा जण अनवाणी.

राहता राहिला महूबद्दलचा समज: इथला खेळ म्हणजे हॉकी. १९४८ च्या ऑलिम्पिक विजेत्या हॉकी संघाचे कर्णधार किशनलाल महूचे, तेव्हा हे म्हणणं अगदीच हवेत नाही. पण दुसरं मोठं नाव घ्या. शंकर लक्ष्मण, १९५६ आणि १९६४ च्या सुवर्णपदक विजेत्या संघांचे गोलरक्षक. महूलगतच्या कोदरिया गावच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. १९४७ मध्ये सैन्यात बँडवाले म्हणून भरती झाले आणि तिथे हॉकीकडे वळले. मराठा लाइट इन्फंट्रीतून ते कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. फुटबॉल शिकायला त्यांना पलटणीत जावं लागलं नव्हतं.