सुरू केलेली लढाई थांबवावयाची कोणी?

परराज्यावर चालून जाणाऱ्या राष्ट्राची अखेर कशी होते, असा प्रश्न निघाला म्हणजे लोक बहुधा नकाशा पुढे ओढतात. कोणते शहर पडले, कोणती नदी ओलांडली, तोफा किती, विमाने किती, ह्यांचा खल सुरू होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसले तेव्हा राजधानी कीव चार दिवसांत पडेल, अशी भाकिते मोठमोठ्या जाणत्यांनी केली होती. ते युद्ध तीन वर्षांची मर्यादाही ओलांडून गेले आणि जाणत्यांची भाकिते कागदावरच राहिली. आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ रणांगणावर शोधू नये. लांबलेल्या स्वारीत चढाई करणाराचे भवितव्य पुष्कळ अंशी त्याच्या स्वतःच्या घरात ठरते. ‘आता पुरे’ असे म्हणणारा मनुष्य त्या घरात जागेवर ठेवला आहे, की त्याला बाहेर काढून दाराला कडी लावली आहे, एवढेच पाहावयाचे असते. जपानने १९३७ साली चीनवर केलेल्या स्वारीत ह्याचे जितके स्वच्छ उदाहरण मिळते तितके अन्यत्र क्वचितच मिळेल. म्हणून तेच आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी दोन्हीकडच्या शिपायांत चकमक झाली. असल्या चकमकी मिटवावयाच्या असल्या तर मिटतात. परंतु जपानी लष्करास ती मिटवावयाची नव्हती. युद्धमंत्री जनरल सुगियामा ह्यांनी बादशहा हिरोहितो ह्यांस सांगितले की, हे काम महिन्याभरात उरकेल. जपानने ह्या लढाईस ‘युद्ध’ असे नावही दिले नाही; दप्तरी ते निव्वळ ‘चीन-प्रकरण’ होते. त्यात एक व्यवहारही होता. युद्ध उघडपणे पुकारले असते तर अमेरिकेचा तटस्थतेचा कायदा आड आला असता आणि तिकडून येणारा माल अडला असता. पण दाव्याचे नाव बदलल्याने डोक्यावरचे देणे चुकत नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

पहिल्या वर्षी जपानला यशामागून यश आले. शांघाय पडले. डिसेंबरात राजधानी नानकिंग पडली आणि तेथे निःशस्त्र नागरिकांची व शरण आलेल्या शिपायांची जी कत्तल झाली, स्त्रियांची जी विटंबना झाली, तिने जगाच्या अंगावर शहारे आले. राजधानी पडली म्हणजे राज्य पडले, असा जपानी सेनापतींचा समज होता. परंतु च्यांग कै-शेक ह्यांचे सरकार मागे सरले आणि अखेर दूर पश्चिमेस डोंगराळ मुलुखात चुंगकिंग येथे जाऊन बसले. तेव्हा १६ जानेवारी १९३८ रोजी प्रधानमंत्री कोनोए ह्यांनी जाहीर केले की, ह्या सरकारशी आम्ही यापुढे बोलणेच करणार नाही. ही घोषणा म्हणजे मोठ्या शहाणपणाच्या थाटात केलेले मोठे अविचाराचे कृत्य होय. ज्याच्याशी तडजोड करावयाची त्यालाच पक्षकार म्हणून नाकारल्यावर तडजोडीवर सही करावयाची कोणी? त्याच वर्षी ऑक्टोबरात कँटन व वूहान हीही शहरे पडली, तरी लढाई संपली नाही. शहरे आणि लोहमार्ग जपान्यांचे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचा मुलुख चिन्यांचा, अशी स्थिती होऊन बसली. लक्षावधी सैनिक जिंकलेले राखण्यातच गुंतून पडले.

महाराष्ट्रातील वाचकास हे चित्र अपरिचित नाही. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर व १६८७ मध्ये गोवळकोंडा त्याने घेतला आणि १६८९ मध्ये संभाजी महाराजांस पकडून ठार केले. त्या दिवशी नकाशा पाहणारा कोणीही म्हणाला असता की, मराठ्यांचे राज्य संपले. वस्तुतः खरी लढाई तेथून पुढे अठरा वर्षे चालली. राजाराम महाराज जिंजीस गेले, संताजी व धनाजी मोगलांची रसद तोडीत राहिले आणि १७०० नंतर ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती धरली. बादशहाने एकेका किल्ल्यापुढे महिनेच्या महिने घालवावे, पुष्कळदा तो पैसे मोजून पदरात पाडून घ्यावा, आणि छावणी पुढे सरकताच मराठ्यांनी मागल्या मागे तो परत घ्यावा, असा क्रम पडला. १७०७ साली अहमदनगरच्या छावणीत बादशहाने डोळे मिटले. तो दिल्लीस परत गेलाच नाही. उलट बारा वर्षांनी बाळाजी विश्वनाथ दिल्लीस जाऊन चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. किल्ल्यांची मोजदाद करीत बसलेल्याला आपल्या राज्याची मोजदाद करावयास सवड झाली नाही, असाच ह्याचा अर्थ आहे.

आता जपानच्या घरात काय चालले होते ते पाहू. आमच्या व्यापारी बंधूंनी पुढील गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. सप्टेंबर १९३७ मध्ये जपान सरकारने लढाईच्या खर्चाचे एक स्वतंत्र खाते उघडले आणि असे ठरविले की, लढाई सुरू झाल्यापासून ती संपेपर्यंतचा सगळा काळ हे एकच हिशेबी वर्ष समजावे. म्हणजे लढाई मिटेपर्यंत वही मिटवावयाची नाही! आमच्याकडे लहानात लहान दुकानदारही दिवाळीच्या पाडव्यास जुनी वही बंद करून नवीचे पूजन करतो. वर्षात काय कमावले आणि काय गमावले हे एकदा तरी त्याच्या डोळ्यांपुढे येते. जपानच्या ह्या वहीला १९४६ पर्यंत पाडवाच उगवला नाही. वास्तविक लष्कराच्या मागण्यांस आवर घालू पाहणारा एक अर्थमंत्री त्या देशास लाभला होता. ताकाहाशी कोरेकियो हे त्यांचे नाव. त्यांना २६ फेब्रुवारी १९३६ रोजी बंडखोर तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांच्या राहत्या घरात ठार केले. तिजोरीचा रखवालदार आधी मारला गेला आणि तिजोरी मागाहून उघडली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुढे १९३८ च्या कायद्याने माणसे, कारखाने व माल ही सर्व सरकारच्या हुकमतीखाली आली. १९४० मध्ये साखर व आगपेट्या चिठ्ठीवर मिळू लागल्या, आणि १९४१ मध्ये टोकिओसारख्या शहरांत तांदूळही मोजून मिळू लागला. ‘जिंकणाऱ्या’ राष्ट्राच्या गृहिणीची ही स्थिती होती.

अशा वेळी, २ फेब्रुवारी १९४० रोजी, जपानच्या प्रतिनिधिसभेत ताकाओ साइतो नावाचे सुमारे सत्तर वर्षांचे एक सभासद बोलावयास उभे राहिले. हे गृहस्थ धंद्याने वकील होते. त्यांनी दीड तास भाषण केले. त्याचा मथितार्थ इतकाच की, हे प्रकरण सरकार मिटविणार तरी कसे? लोकांनी एवढे प्राण दिले, एवढा पैसा दिला, त्याचा हेतू काय, हे त्यांस सांगावयास नको काय? ‘पवित्र युद्ध’ ह्या गोड शब्दामागे लोकांचे हाल झाकून ठेवावयाचे काय? ह्यात राजद्रोह तो कोणता होता? घरात कर्ता मुलगा गमावलेला कोणताही बाप हेच विचारील. परंतु लष्कर खवळले. भाषणाचा दोनतृतीयांश भाग सभेच्या वृत्तांतातून पुसून टाकण्यात आला, आणि मार्च महिन्यात सभेनेच साइतोंना सभासदत्वावरून काढून टाकले. त्यांच्या बाजूने फक्त सात मते पडली. पुष्कळ सभासद मत न देता गप्प राहिले. त्याच वर्षाच्या आत सर्व राजकीय पक्षही विसर्जित झाले. तथापि लोकांचे मत निराळे होते. १९४२ च्या निवडणुकीत सरकारी शिफारस नसतानाही मतदारांनी त्याच साइतोंना आपल्या मतदारसंघात पहिल्या क्रमांकाने निवडून दिले. लोकांस कळत नव्हते असे नाही. त्यांचे कळणे राज्यकर्त्यांच्या कानांवर जाण्याची वाट तेवढी बुजविली गेली होती.

ती वाट बुजल्यावर जे होते तेच झाले. बुडत्याचा पाय खोलात जाऊ लागला. जुलै १९४१ मध्ये जपानने दक्षिण इंडोचीनमध्ये सैन्य घातले, तेव्हा अमेरिकेने त्याची मालमत्ता गोठविली व पाठोपाठ तेल बंद केले. जपानचे बहुतेक तेल तेथूनच येत असे. ब्रिटिश साम्राज्यानेही तोच मार्ग धरला आणि हिंदुस्थानचा जपानशी असलेला व्यापार थांबला. वऱ्हाड-खानदेशच्या आखूड धाग्याच्या कापसाचे ते एक मोठे गिऱ्हाईक होते. मुंबईच्या कापूसबाजाराने ह्या स्वारीत कोणाचे काय घेतले होते? पण लढाई दुसऱ्यांची असली तरी तिचा भुर्दंड तिऱ्हाइताच्या खात्यावरही पडतो. तडजोडीसाठी अमेरिकेची मुख्य अट चीनमधून सैन्य मागे घेण्याची होती. ऑक्टोबरात युद्धमंत्री तोजो ह्यांनी मंत्रिमंडळात निक्षून सांगितले की, एवढे सैनिक कामी आल्यावर माघार घेणे शक्य नाही. मेलेल्यांच्या नावाने आणखी माणसे मरणास धाडण्याचा हा युक्तिवाद प्रत्येक लांबलेल्या स्वारीत ऐकू येतो. बुडालेली रक्कम वसूल व्हावी म्हणून तिच्यावर दुसरी रक्कम लावणारा सटोडिया हाच युक्तिवाद करतो आणि घर विकून मोकळा होतो. कोनोए ह्यांनी राजीनामा दिला आणि तोजोच प्रधानमंत्री झाले.

त्याआधी सप्टेंबरात बादशहाने सुगियामांस विचारले होते की, चीनचे काम महिन्यात उरकेल असे तुम्ही म्हणाला होता, त्यास चार वर्षे झाली, त्याचे काय? चीनचा मुलुख फार विस्तीर्ण आहे, असे उत्तर मिळाले. त्यावर बादशहाने पुसले की, पॅसिफिक महासागर चीनहून विस्तीर्ण नाही काय? ही हकीकत कोनोए ह्यांनी नमूद करून ठेविली आहे. प्रश्न अगदी बिनतोड होता, परंतु विचारणाराने तो धसास लावला नाही. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जपान आगीतून फुफाट्यात पडला.

अखेर कशी झाली? १९४४ मध्ये सुमारे पाच लाख सैन्य घालून जपानने चीनमध्ये आपली सर्वांत मोठी मोहीम काढली व ती पुष्कळशी यशस्वीही झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये सायपान बेट पडले आणि जपानची शहरे अमेरिकन बाँबफेकी विमानांच्या टप्प्यात आली. १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर झाली, तेव्हा मांचुरिया सोडून केवळ चीनच्या भूमीवर सुमारे दहा लाख जपानी सैन्य उभे होते. त्याने कित्येक लढाया जिंकल्या होत्या, आणि घर मात्र जळून गेले होते. सुमारे एकतीस लाख जपानी माणसे ह्या सर्व युद्धांत प्राणास मुकली. १८९५ मध्ये मिळविलेला तैवान, १९१० मध्ये गिळलेला कोरिया, मांचुरिया, सर्व गेले. चीनने एक कोटीहून अधिक माणसे गमावली. चढाई करणाराच्या नुकसानीचा हिशेब मांडताना, ज्याच्यावर चढाई झाली त्याचे हे नुकसान विसरणे म्हणजे चोराच्या जखमा मोजून घरधन्यास विसरणे होय. त्या दुःखात आमच्या प्रांताचाही एक लहानसा वाटा आहे. १९३८ मध्ये हिंदी राष्ट्रीय सभेने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांपैकी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमी चिनी सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारले.

कोणी म्हणेल की, जपानला चीनने नव्हे, अमेरिकेने हरविले. वरवर पाहता ते खरे आहे. परंतु चीनमधून पाऊल मागे घेता येईना म्हणूनच अमेरिकेशी गाठ पडली. आणि पाऊल मागे घ्या असे म्हणणारांची तोंडे आधीच बंद केली होती. दुसरा आक्षेप असा की, लढाई चालू असता सरकारला प्रश्न विचारणे म्हणजे शत्रूस मदत करणे होय. ह्यास इतिहासच उत्तर देतो. फ्रान्समध्ये अल्जीरियाच्या लढाईविरुद्ध लिहिणारांची पत्रे जप्त झाली, तरी वाद थांबला नाही. अखेर मतदारांचा कौल घेऊन १९६२ मध्ये फ्रान्स तेथून बाहेर पडला आणि फ्रान्स म्हणून शाबूत राहिला. उलट सोव्हिएट सरकारने १९७९ मध्ये अफगाणिस्तानात सैन्य धाडले. त्याचा निषेध करणारे शास्त्रज्ञ साखारोव्ह ह्यांस जानेवारी १९८० मध्ये गोर्की शहरात हद्दपार केले, आणि नऊ वर्षांनी, सुमारे पंधरा हजार सैनिक गमावून, १५ फेब्रुवारी १९८९ रोजी ते सैन्य परत आणले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत ते राज्यच उरले नाही. त्याची कारणे अनेक होती, तरी हे एक कारण लहान नव्हते. आणि मार्च २०२२ मध्ये रशियाने जो कायदा केला त्याचा रोख काय होता? सैन्याविषयी सरकारला न रुचणारे बोलणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास! तेथेही ‘युद्ध’ हा शब्द वर्ज्य होऊन ‘विशेष लष्करी कारवाई’ हा शब्द आला. ‘प्रकरणा’च्या पंच्याऐंशी वर्षांनंतर शब्द तेवढा बदलला, युक्ती तीच राहिली.

ह्यावरून आमच्या नगरवासी व व्यापारी बंधूंनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. राष्ट्राभिमान आम्हांसही आहे, आणि आहे म्हणूनच आम्ही म्हणतो की, जे राष्ट्र आपल्या सरकारास खर्चाचा हिशेब, मृतांचा आकडा आणि लढाईचा हेतू हे तीन प्रश्न दरसाल विचारू शकते, ते परक्यावर चालून जावयास सहसा धजत नाही, आणि गेलेच तर वेळेवर परत फिरते. हे तीन प्रश्न विचारणारास सभागृहात जागा, वर्तमानपत्रात रकाना आणि न्यायालयात संरक्षण असले पाहिजे. जपानच्या सभागृहात १९४० साली सात मतांऐवजी दोनशे मते साइतोंच्या बाजूने पडली असती, तर त्या देशाची वही कदाचित वेळेवर मिटली असती. हात वर करावयास न धजलेले ते सभासद कोणी दुष्ट नव्हते. चारचौघांसारखेच प्रतिष्ठित गृहस्थ होते. आपल्या नगरपालिकेपासून लोकसभेपर्यंत तसा प्रसंग आला असता आपला हात वर जाईल की नाही, ह्याचा विचार प्रत्येकाने शांततेच्या काळातच करून ठेवावा.