भय, चिंता आणि विश्वास

भय हा मनुष्याचा वैरी आहे असे आपण सर्रास म्हणतो. परंतु किंचित विचार केला असता हे विधान अर्धेच खरे ठरते. वाटेत साप दिसला की पाऊल आपोआप मागे येते, छाती धडधडू लागते, हातापायांत एकाएकी बळ संचारते. शरीराची ही सिद्धता क्षणार्धात होते आणि तिच्यामुळेच पुष्कळदा प्राण वाचतात. तेव्हा भय ही परमेश्वराने आपल्या देहात ठेविलेली एक राखणच होय. संकट टळले की ही राखण पुन्हा स्वस्थ होते.

चिंतेचा प्रकार मात्र निराळा आहे. तिचा साप वाटेत नसतो, तो उद्याच्या दिवसात असतो. आणि उद्याच्या दिवसापर्यंत आपला हात पोहोचत नसल्यामुळे त्याला मारताही येत नाही व त्याच्यापासून पळताही येत नाही. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही आपली म्हण ह्या स्थितीचे यथार्थ वर्णन करिते. विद्यार्थ्याला परीक्षेची चिंता, आईबापांना फीची चिंता. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी पावसाची झोड उठते, त्याच जिल्ह्यात माण व खटाव तालुक्यांतील शेतकरी एका सरीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो. अशा जगात ‘चिंता करू नका’ असे सांगणे फार सोपे आहे. ते आचरावे कसे, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चिंता टाकणे म्हणजे दूरदृष्टी टाकणे नव्हे. सांगलीकरांना हे निराळे सांगावयास नको. दर पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढू लागले की आयर्विन पुलापाशी किती फूट झाले ही एकच चौकशी घरोघर चालते. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानितात. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यातील महापुरात पाणी त्याच्याही पुष्कळ वर गेले. पाणी वाढत आहे असे कळताच गुरे व चीजवस्तू उंचावर नेणे ही दूरदृष्टी; आणि ज्या रात्री करण्यासारखे काहीच उरलेले नाही, त्या रात्री मनातल्या मनात शंभर वेळा बुडणे ही चिंता. पहिलीने घर वाचते, दुसरीने झोप मात्र जाते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशूने पाखरांचे व रानफुलांचे जे दाखले दिले आहेत, त्यांचा अर्थही असाच समजला पाहिजे. पाखरू घरट्यात स्वस्थ बसून राहत नाही. ते उजाडताच दाण्याच्या शोधास निघते. ते कष्ट टाळीत नाही, उद्याचे ओझे तेवढे आज वाहत नाही. शिवाय ज्या प्रभूने हा उपदेश केला, तो स्वतः गेथशेमाने बागेत अत्यंत व्याकुळ झाला होता व त्याने आपले दुःख लपविले नाही. म्हणून मनात भय उत्पन्न होणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे मानून कोणी खचून जाऊ नये. भय आले असता आपण कोणाकडे वळतो व पुढे काय करितो, ह्यावरून विश्वासाची पारख होते.

ह्याचे एक उदाहरण खुद्द साताऱ्याने पाहिले आहे. कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पुढे त्यांनी अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. १९१७ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी त्या नोकरीचा व वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ ह्या बंधुसमाजाची स्थापना केली. प्रपंच मागे असता ठरलेले वेतन सोडून देणे म्हणजे काय, हे प्रत्येक आईबाप जाणतात. ह्या विश्वासाचे फळ त्यांना दीर्घायुष्याच्या रूपाने मिळाले असे मात्र नाही. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले व त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. परंतु शाळेचे शिक्षण न लाभलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ते पुरे केले आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथाने मराठी भाषेला अमोल लेणे दिले. विश्वास संकट येऊच देत नाही, असे नाही. संकट आल्यावर मनुष्याला तो रिकामा बसू देत नाही.

दुसरे उदाहरण सांगली व मिरजेकडचे. डॉक्टर विल्यम वानलेस हे १८८९ साली हिंदुस्थानात आले. प्रथम त्यांनी सांगलीत दवाखाना चालविला व १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले. शस्त्रक्रियेच्या नुसत्या नावाने लोकांचा थरकाप व्हावा असा तो काळ होता. क्षयाचे भय तर त्याहून मोठे. कारण १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागेपर्यंत त्या रोगावर खात्रीचे औषधच नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न एवढाच उपाय. ज्याला घरचेही दूर ठेवीत, अशा क्षयरोग्यासाठी सांगली-मिरजेच्या मध्ये आरोग्यधाम उभे राहिले आणि ती जागा आज वानलेसवाडी म्हणून ओळखली जाते. तेथे शुश्रूषा करणाऱ्यांना संसर्गाचे भय नव्हते असे कोण म्हणेल? पण समोरच्या रोग्याला पाणी पाजताना स्वतःविषयीच्या भयाला मनात फारशी जागा उरत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रीती व भीती एकत्र नांदत नाहीत असा जो बोध आहे, त्याचा अर्थ आम्हांस येथे उमगतो.

विद्यार्थिमित्रहो, ह्यातून आपण एक साधा परिपाठ शिकू या. चिंता मनात आली की तिला नाव द्यावे. नाव नसलेली चिंताच अधिक छळते. आपल्या हातचे काय व देवाच्या हातचे काय, हे निराळे करावे. आपल्या हातचे काम, मग तो गणिताचा एकच धडा का असेना, आज करावे. उरलेले प्रार्थनेत त्याच्या हवाली करावे. नंतर आपल्याहून अधिक घाबरलेल्या एखाद्या सोबत्याजवळ जाऊन बसावे. आणि चिंता आठवडेच्या आठवडे झोप व अन्न हिरावून घेत असेल, तर ती वडील माणसांस सांगावी, वैद्याचा सल्ला घ्यावा. ज्यांनी प्रार्थना केली त्यांनीच ह्या भागात रुग्णालयेही बांधिली, हे विसरू नये.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलाच्या गुणपत्रिकेकडे पाहण्यापूर्वी क्षणभर त्याच्या मुद्रेकडे पाहावे. परमेश्वर पिता आहे हे मुलाला पुस्तकातून कळण्याच्या आधी घरातील बापावरून कळत असते. ज्या घरात चुकलेल्या मुलाला निर्भयपणे आत येता येते, त्या घरात विश्वासाचा पहिला पाठ झालाच म्हणून समजावे.