वळणारा चेंडू आणि कडलूरचा इंजिनिअर

पवनी तालुक्यातल्या आसगावहून एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. हिवाळ्यात भरणाऱ्या टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांत ते गोलंदाजी करतात आणि आपला इनस्विंग बरा पडतो, असे त्यांनीच लिहिले आहे. मोबाईलवर गोल्फची एक क्लिप पाहून ते चक्रावले. खेळाडू झाडीत अडकलेला, समोर झेंडा दिसत नाही. तो चेंडू भलतीकडेच मारतो आणि चेंडू हवेत वाट बदलून थेट हिरवळीवर उतरतो. त्यांचे विचारणे असे: हा आमच्यासारखाच स्विंग आहे का? आणि शिकायचे ठरवले तर मनगट नेमके कधी फिरवायचे?

ही क्लिप बहुधा ८ एप्रिल २०१२ ची असणार. ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेचा प्लेऑफ, दहावे होल, समोर लुई उस्टहायझन आणि पाइनच्या झाडीत बब्बा वॉटसन. आपण कधी कुणाकडे शिकवणी घेतली नाही, असे सांगणाऱ्या या डावखुऱ्या पठ्ठ्याने दीडशे यार्डांवरून मारलेला चेंडू सुमारे चाळीस यार्ड वळवला आणि स्पर्धा जिंकली. इतके वळण म्हणजे हुक. त्याचाच शिस्तीतला भाऊ म्हणजे ड्रॉ: उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू लक्ष्याच्या किंचित उजवीकडे निघतो आणि हळूच डावीकडे वळून जागेवर येतो. उलट दिशेने वळला तर फेड, आणि फेड हाताबाहेर गेला की स्लाइस. नवशिक्याच्या वाट्याला हा स्लाइसच येतो, म्हणून तर ड्रॉचे एवढे अप्रूप.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मजेशीर आहे. २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेणाऱ्या आपल्या रजनीश गुरबानीसारख्यांचा स्विंग हा शिवणीचा खेळ. चामडी चेंडूची शिवण तिरकी धरली की तिच्या बाजूला हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते, दुसऱ्या बाजूला लवकर सुटते आणि चेंडू सरकतो. गोल्फच्या चेंडूला शिवणच नाही. पण टेनिस बॉललाही तशी उभी शिवण नसते. एका बाजूला टेप चिकटवलेला नसेल, तर त्याला हवेत येणारे वळण बव्हंशी बोटांनी कापून दिलेल्या फिरकीचे असते. म्हणजे आसगावचे हे गोलंदाज ज्याला इनस्विंग म्हणतात, तो बहुतेक गुरबानीपेक्षा वॉटसनच्या जास्त जवळचा आहे!

फिरणारा चेंडू आपल्या पृष्ठभागालगतची हवा ओढत नेतो. जी बाजू मागे फिरते तिथे हवा जास्त वेळ चिकटून राहते, जी पुढे फिरते तिथे लवकर सुटते, आणि चेंडूमागचा हवेचा झोत एका कडेला फेकला जातो. वैनगंगेत डोंगा हाकणाऱ्याला यापुढचे सांगावे लागणार नाही. वल्ह्याने पाणी उजवीकडे रेटले की डोंगा डावीकडे सरकतो. चेंडू हवा उजवीकडे फेकतो, हवा चेंडूला डावीकडे ढकलते. ‘या बाजूला वेग जास्त म्हणून दाब कमी’ हे शाळेतले उत्तर चूक नाही. पण वेग मुळात जास्त का, हे ते सांगत नाही.

या परिणामाला पुस्तकांत मॅग्नस परिणाम म्हणतात. बर्लिनच्या हाइनरिख मॅग्नसने १८५२ मध्ये त्याचा अभ्यास केला, १८७७ मध्ये टेनिसच्या चेंडूवर लिहिताना लॉर्ड रॅलेने त्याला श्रेय दिले आणि नाव कायमचे चिकटले. मला हे नाव कधी पटलेले नाही. तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वळतो, हे न्यूटनने १६७२ मध्येच नोंदवले होते, तेही प्रकाशावर लिहिताना जाता जाता. पण प्रयोग करून, मोजून ही गोष्ट दाखवणारा माणूस वेगळाच होता. त्याचे नाव बेंजामिन रॉबिन्स.

रॉबिन्स तोफखान्याचा गणिती. १७४२ मध्ये त्याचे ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ आले. बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्यासाठी लाकडी ठोकळा टांगून त्यावर गोळी झाडण्याची, आज प्रत्येक भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असणारी युक्ती त्याचीच. त्या काळच्या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत असत आणि गोळ्या नेमाने भरकटत. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कारण कुणालाच सांगता येईना. रॉबिन्सचे म्हणणे असे की, नळीतून जाताना गोळी एका बाजूला घासते, त्यामुळे ती फिरू लागते, आणि ही फिरकीच तिला भरकटवते.

हे सिद्ध करायला त्याने काय करावे? त्याने एका बंदुकीची नळी टोकाजवळ डावीकडे किंचित वाकवली. मग वाटेत एकामागे एक पातळ कागदाचे पडदे उभे केले आणि गोळी झाडली. कुणीही शपथेवर सांगेल की डावीकडे वाकलेल्या नळीतली गोळी डावीकडे जाणार. पहिल्या पडद्यावरचे भोक डावीकडेच होते. पण पुढच्या पडद्यांवरची भोके उजवीकडे सरकत गेली, आणि शेवटी गोळी रेषा ओलांडून उजव्या अंगाला पडली. वाकलेल्या नळीत वळताना ती उजव्या भिंतीला घासली होती. उजवी बाजू मागे खेचली गेली, गोळी त्या दिशेने फिरली आणि हवेने तिला उजवीकडे ओढले. डावीकडे निघून उजवीकडे वळणारी ही गोळी म्हणजे गोल्फमधला चोख फेड. आरशात पाहा, ड्रॉ दिसेल.

लेओनार्ड ऑयलरने १७४५ मध्ये रॉबिन्सच्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले, स्वतःच्या टिपांनी त्याला चांगलेच जाडजूड केले, आणि फिरकीची कल्पना मात्र झटकून टाकली. गोळ्या नीट गोल नसतात म्हणून भरकटतात, असे त्याचे मत. ऑयलर म्हणजे ऑयलर! त्याच्या शब्दापुढे रॉबिन्सचे कागदाचे पडदे कोण बघतो? मॅग्नसपर्यंतची शंभर वर्षे अशी गेली.

आणि या रॉबिन्सचे पुढे काय झाले? ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदुस्थानातल्या किल्ल्यांची डागडुजी करायला त्याला प्रमुख इंजिनिअर म्हणून नेमले. १७५० मध्ये तो आजच्या तमिळनाडूतल्या कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला पोचला, आणि २९ जुलै १७५१ रोजी तिथेच तापाने गेला. चेंडू हवेत का वळतो हे जगाला पहिल्यांदा दाखवणारा माणूस आपल्याकडे वारला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव असायला एवढे कारणही पुरे होते.

रॉबिन्सचा दुसरा प्रयोग अंगणात करता येतो. टेनिस बॉलला दोन पदरी दोरा चिकटवा, आडव्या फांदीला टांगा, दोऱ्याला भरपूर पीळ द्या आणि चेंडू लंबकासारखा सोडा. पीळ सुटताना चेंडू गरगरतो आणि लंबकाची सरळ रेषा एका कुशीला सरकू लागते. पीळ पुरा सुटून उलटा भरला आणि तो उलटा पीळ सुटायला लागला की सरकणेही उलटे होते. वारा पडलेला असावा, एवढीच अट.

गोल्फच्या चेंडूवर हे गणित बसवले ते एडिंबराचे प्राध्यापक पीटर टेट यांनी. त्यांचा मुलगा फ्रेडी ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा १८९६ आणि १८९८ मध्ये जिंकलेला, म्हणजे प्रयोगाला माणूस घरातलाच. चेंडू किती फिरतो हे कॅमेऱ्याशिवाय मोजायचे कसे? टेट यांनी लांब फितीचे एक टोक चेंडूला आणि दुसरे जमिनीला बांधले. एक-दोन यार्डांवरच्या चिकणमातीच्या भिंतीत चेंडू मारायला लावला. मग फितीला पडलेले पीळ मोजले. झाले! चांगला मारलेला चेंडू नेहमी उलटा फिरतो, म्हणजे वरची बाजू मागे, आणि म्हणूनच तो हवेत इतका वेळ तरंगतो, हे त्या फितीने सांगितले.

इथून ड्रॉ कळणे सोपे होते. ‘ड्रॉला पुढची फिरकी असते, म्हणून तो पडल्यावर पळतो’, असे सांगणारे अनेक भेटतील. ते खोटे आहे. खरी पुढची फिरकी बसली तर चेंडू दगडासारखा खाली येईल. चेंडूला ‘उलटी फिरकी’ आणि ‘बाजूची फिरकी’ अशा दोन वेगळ्या फिरक्याही नसतात. एका वेळी त्याचा अक्ष एकच. तो आडवा असला की हवा चेंडूला सरळ वर उचलते. डावीकडे कलला की उचलताना थोडी डावीकडेही ओढते. ड्रॉ म्हणजे कललेला अक्ष, दुसरे काही नाही.

अक्ष कलवायचा कसा? आता मनगटाचा प्रश्न. क्लब आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात क्लबचे डोके दोनेक सेंटीमीटर पुढे सरकते. टक्कर झाली हे मेंदूला कळायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. त्यामुळे टक्कर होत असताना मनगट वळवून चेंडूला फिरकी ‘घालणे’ कोणत्याही माणसाला शक्य नाही, वॉटसनलाही नाही. मनगटाला करता येते ते एकच: टक्कर होण्याच्या आधी क्लबफेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग, हव्या त्या कोनात आणून ठेवणे.

त्या क्षणी दोन दिशा महत्त्वाच्या: फेस कुठे बघतो आहे आणि क्लब कुठे चालला आहे. ड्रॉसाठी क्लब लक्ष्याच्या उजवीकडे जायला हवा, समजा चार अंश. आणि फेस लक्ष्य व हा मार्ग यांच्या मध्ये, समजा दोन अंश उजवीकडे. चेंडू जवळपास फेसच्या दिशेने निघतो आणि फेस व मार्ग यांतल्या फरकामुळे डावीकडे वळतो.

गोल्फची पुस्तके मात्र कित्येक वर्षे उलटेच शिकवत आली: फेस झेंड्याकडे रोखा, क्लब झाडाच्या उजवीकडून फिरवा, चेंडू झाडाला वळसा घालून येईल. प्रत्यक्षात निघण्याच्या दिशेवर क्लबच्या मार्गापेक्षा फेसचा हक्क कितीतरी मोठा, लांब फटक्याच्या ड्रायव्हर या क्लबला ऐंशी टक्क्यांहून जास्त. त्यामुळे पुस्तकाबरहुकूम खेळणाऱ्याचा चेंडू थेट झाडावर जाऊन आदळतो. मग रडार यंत्रे आली आणि ‘चेंडूच्या उड्डाणाचे नवे नियम’ अशी त्यांची जाहिरात झाली. नवे कसले? कॉक्रन आणि स्टॉब्स यांच्या १९६८ च्या ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या पुस्तकात हे होते. लाखोंच्या यंत्राने काय केले असेल, तर शिकवणाऱ्यांना ते मान्य करायला लावले.

तोच दोन अंशांचा फरक असताना ड्रायव्हरने मारलेला चेंडू जास्त वळतो आणि सात नंबरच्या आयर्नने मारलेला कमी, कारण आयर्नच्या फेसचा उतार जास्त, म्हणून उलटी फिरकीही जास्त. उलटी फिरकी जितकी दमदार, तितका अक्ष कलवणे अवघड. ढोबळ हिशेबाने ड्रायव्हरचा अक्ष आठेक अंश कलेल, आयर्नचा पाचाच्या आतच. म्हणून शिकताना मधल्या आयर्नने सुरुवात करावी. चूक झाली तरी चेंडू हाकेच्या अंतरात राहतो. आणि म्हणूनच वॉटसनचा तो फटका अचाट. त्याच्या हातात बावन्न अंशांचा गॅप वेज होता, म्हणजे वळायला सर्वांत नाखूश जातीचा क्लब. फेस चांगलाच मिटवल्याशिवाय आणि मार्ग चांगलाच बाहेर काढल्याशिवाय चाळीस यार्ड निघत नाहीत.

आसगावकरांना गोल्फ कोर्स गाठायला नागपूर तरी धरावे लागेल. आपल्या चौरासात धान निघाला तरी बांधीत लाखोळी उभी असते, तेव्हा शेतात क्लब फिरवण्याचा बेत शेजाऱ्याला विचारूनच केलेला बरा. पण जागा कुठलीही असो, यंत्राशिवाय तपासणी होते. चेंडू पहिल्या काही हातांत कुठे निघाला तेवढेच पाहा. फेस कुठे बघत होता ते कळेल. लक्ष्याच्या डावीकडे निघून आणखी डावीकडे गेला, तर फेस आधीच जास्त मिटला, म्हणजे डावीकडे वळला होता. उजवीकडे निघून सरळच गेला, तर फेस आणि मार्ग एकच होते. फेस जरासा मिटवा, मार्गाला हात लावू नका.

ड्रायव्हर हाती आल्यावर मात्र एक खबरदारी घ्या. फेसवर खडूची पूड चोळा आणि मग मारा. चेंडू क्लबच्या बाहेरच्या टोकाकडे बसला तर टकरीत क्लबचे डोके मागे वळते आणि दातेरी चाकांच्या जोडीसारखी चेंडूला उलट बाजूची फिरकी मिळते. फेस आणि मार्ग चुकलेले असतानाही सुरेख ड्रॉ निघतो. खडूवरचा ठसा टोकाकडे उमटला असेल, तर पेढे वाटण्याआधी मधोमध बसलेला एक फटका मारून बघा.