हरवलेला आरंभ

गेल्या पावसाळ्यात एका मोकळ्या तासाला नववीतील एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला. त्याने आदल्या दिवशी वडिलांच्या मोबाइलवर सशाचे एक जुने व्यंगचित्र पाहिले होते. त्या ससोबाच्या करामती पाहून तो पोट धरधरून हसला. पण चित्र संपल्यावर त्याच्या मनात आले की, हे काढले तरी कोणी? त्याने पुन्हा आरंभ लावून पाहिला. तेथे कंपनीचे नाव होते, एक निळी फीत होती, चित्राचे शीर्षक होते. परंतु ते काढणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नव्हते. "बाई, चित्र काढणाऱ्याने आपले नाव घातलेच नसेल का?" असा त्याचा प्रश्न होता. उत्तर देण्यापूर्वी मी एक दिवसाची मुदत मागून घेतली. त्या एका दिवसाचे पुढे बरेच दिवस झाले. त्या काळात जे वाचावयास मिळाले, ते शाळेच्या सर्व विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

नाव घातले होते. ते मागाहून कापले गेले. अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने १९४३ पासून आपली जुनी व्यंगचित्रे 'ब्लू रिबन', म्हणजे निळी फीत, या मालिकेत पुन्हा प्रदर्शित करण्यास आरंभ केला. तसे करताना अनेक चित्रांचा मूळचा आरंभ काढून टाकण्यात आला आणि त्या जागी सर्वांना सारखाच असा नवा आरंभ जोडण्यात आला. मूळ आरंभात दिग्दर्शकाचे, चित्रकाराचे व संगीतकाराचे नाव असे. नव्यात ते राहिले नाही. बग्ज बनी या सशाचा खरा जन्म ज्या चित्रात झाला असे मानतात, ते 'अ वाइल्ड हेअर' १९४० साली टेक्स अ‍ॅव्हरी यांनी दिग्दर्शित केले. पुढे तेही याच निळ्या फितीखाली फिरले. कंपनीच्या दृष्टीने हा केवळ व्यवहार होता. मात्र त्यामुळे पुढच्या पिढ्यांतील असंख्य मुलांना आपल्याला हसविणाऱ्या माणसांची नावे कळलीच नाहीत.

आज जगभरचे हौशी रसिक हे कापलेले आरंभ शोधीत असतात. कोणाच्या संग्रही पुनःप्रदर्शनापूर्वीची एखादी जुनी प्रत निघते, कोठे फितीचा वीतभर तुकडा सापडतो, कोठे चित्र नष्ट झालेले असते पण त्याखालचे संगीत शिल्लक असते. त्याच वर्षीच्या इतर चित्रांतील अक्षरांचे वळण, रंग व सुरावट यांच्याशी हे तुकडे ताडून पाहावयाचे आणि आरंभ कसा असेल ते ठरवावयाचे, असा हा उद्योग आहे.

आता कोणी विचारील की, आरंभच इतक्या वेळा का हरवतो? कापणे हे एक कारण झाले. दुसरे कारण फितीच्या गुंडाळीतच आहे. चित्रपटाची फीत म्हणजे लहान लहान स्थिर चित्रांची माळ. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. मूकपटांच्या काळी सेकंदाला सुमारे १६ चित्रे दाखवीत, असे धरल्यास एक फूट फीत एक सेकंद चालते. म्हणजे वीस सेकंदांचा आरंभ वीस फुटांचा, ३२० चित्रांचा झाला. प्रयोगासाठी सिद्ध असलेल्या रिळात हा आरंभ सर्वांत बाहेरच्या वेढ्यांत असतो. प्रत्येक खेळाच्या वेळी यंत्रात ओवण्यासाठी हात लागतो तो त्याच टोकाला. धूळ बसते ती तेथेच, आणि ओरखडे व चिरा पडतात त्याही तेथेच. वापरात असलेल्या पोथीचे पहिले पान जसे सर्वांआधी झिजते, तसेच हे आहे. त्यात जुनी फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ अतिशय ज्वालाग्राही. एकदा पेटला की पाण्याखालीही विझत नाही. न पेटला तरी काळाच्या ओघात तो चिकट होतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. शिवाय फितीवरील चांदी काढून घेण्यासाठी कितीतरी जुनी रिळे मोडीत विकली गेली, ती निराळीच.

हे सारे दूर अमेरिकेत घडले असे समजून आपण निर्धास्त राहू नये. आपल्या घरची हानी याहून मोठी आहे. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, हे मराठी मातीतले. जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे, मृत्यू १९४४ साली नाशिक येथे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. त्याची लांबी ३,७०० फूट होती. वर सांगितलेल्या हिशेबाने ती ५९,२०० चित्रे झाली. त्यांपैकी आज थोडाच भाग उपलब्ध आहे, आणि तो तरी १९१३ च्या मूळ चित्रपटाचा की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलत्या-नाचत्या दाखविणारे 'आगकाड्यांची मौज' नावाचे चित्र केले होते. काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे. पुन्हा सरकवावयाची, पुन्हा एक चित्र घ्यावयाचे, अशी ती कला. आपल्या व्यंगचित्रपटांची ती पहिली पायरी होय. त्या चित्राचा आरंभच काय, एक तुकडाही आज आपल्याजवळ नाही.

तथापि एक कथा समाधानाची आहे. भारताचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झाले. त्याच्या उभारणीस पी. के. नायर यांनी आपले आयुष्य वाहिले. हे गृहस्थ मूळचे तिरुवनंतपुरमचे. २०१६ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांना १९१९ च्या 'कालिया मर्दन' या चित्रपटाचे सुटे तुकडे मिळाले. कोणता तुकडा आधी आणि कोणता नंतर, हे फितीवरून सहजी कळण्यासारखे नव्हते. या कामी खुद्द फाळक्यांची टिपणवही उपयोगी पडली. तिच्या आधारे नायर यांनी तुकड्यांचा क्रम लावला, आणि त्या चित्रपटाचा बराच मोठा भाग आपल्याला पुन्हा पाहावयास मिळाला.

या चित्रपटाचा आरंभ मोठा कुतूहलजनक आहे. त्यात कृष्णाची भूमिका फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिने केली. कथा सुरू होण्यापूर्वीच फाळके प्रेक्षकांना त्या मुलीचा केवळ चेहरा दाखवितात. ती निरनिराळे भाव मुद्रेवर आणते, आणि मग पाहता पाहता त्या साध्या मुलीच्या जागी मोरमुकुट ल्यालेला कृष्ण प्रकट होतो. आता क्षणभर अशी कल्पना करा की, हा आरंभ रिळाच्या बाहेरच्या वेढ्याबरोबर झिजून गेला असता. कालियाच्या फण्यांवरील नृत्य आपल्याला दिसले असते. परंतु हा कृष्ण म्हणजे नाशिकची एक सात वर्षांची मुलगी आहे, हे तिच्या वडिलांनी अभिमानाने आपल्याला सांगितलेले कधीच कळले नसते. आरंभ गेला की कथा कदाचित जात नाही. जातात ती कथा घडविणारी माणसे.

तुकडे जोडणाऱ्याला पुरावे कोणते, हेही थोडक्यात सांगते. लेखी टिपणे हा पहिला पुरावा. दुसरा फितीच्या कडेवर असतो. कोडॅक कंपनी १९१६ पासून आपल्या फितीच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापीत असे व त्यांवरून फीत कोणत्या वर्षी तयार झाली हे समजते. मात्र वीस वर्षांनी त्याच खुणा पुन्हा येतात; त्यामुळे एकट्या खुणेवर विसंबून चालत नाही. तिसरा पुरावा सांध्यांचा: फीत कोठे कापून चिकटविली आहे, हे निरखून पाहिल्यास दिसते. असे दोन-तीन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले, म्हणजे निर्णय करावयाचा.

आणि पुरावा अपुरा पडला तर? येथेच खरी कसोटी आहे. 'मेट्रोपोलिस' हा १९२७ चा जर्मन मूकपट अनेक वर्षे अपुराच पाहिला जात असे. २००८ साली अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आइरेस येथे, त्याची एक अधिक पूर्ण परंतु फार खराब झालेली प्रत सापडली. तीवरून २०१० साली जी आवृत्ती सिद्ध झाली, तीत नवे सापडलेले भाग ओरखड्यांसह तसेच ठेवले आहेत. कोणीही पाहावे आणि ओळखावे की, हा भाग निराळ्या प्रतीतून आला आहे. जे अजूनही मिळाले नाही, ते केवळ अक्षरांत सांगितले आहे. तेथे नवे चित्र तयार करून घुसविलेले नाही.

हे वाचताना मला माझाच एक अपराध आठवला. माझी मातृभाषा कोंकणी. आमच्या घरी आजीच्या हातची गीतांची एक वही होती. त्यात लग्नातील गाणी व पाळणे होते. वाळवीने तिची पहिली तीन पाने खाल्ली. महाविद्यालयात असताना मी मोठ्या उत्साहाने ती वही नव्याने उतरवून काढली. पहिले गीत दोघी आत्यांना विचारले. दोघींनी ते निरनिराळे सांगितले. जे मला अधिक गोड वाटले, ते मी सुवाच्य अक्षरांत पहिल्या पानावर लिहिले आणि कोणतीही खूण केली नाही. पुढे मूळ वही एका पावसाळ्यात भिजून गेली. आज दोघीही आत्या नाहीत. माझी प्रत मात्र घरात आजीची वही म्हणूनच ओळखली जाते, आणि तिच्यातील पहिले गीत आजीचे किती व माझ्या आवडीचे किती, हे आता मलाही सांगता येत नाही. पान कोरे ठेवले असते, तर निदान तेथे काही होते एवढे तरी खरे राहिले असते. दोन्ही पाठ नावांनिशी लिहिले असते, तर फारच उत्तम झाले असते.

आपल्या बऱ्हाणपूरच्या मुलांना हे समजावयास कुंडी भांडारा पाहणे पुरे. खानखाना अब्दुर रहीम यांच्या काळात, इ. स. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या या जलयोजनेच्या कुंड्या वरून पाहिल्या, तर एकमेकींशी काही संबंध नसलेल्या विहिरींची एक रांग दिसते. खाली मात्र सातपुड्यातून झिरपलेले पाणी एकाच भुयारातून शहराकडे येते. जुन्या फितीचे तुकडेही असेच असतात. प्रवाह एक आहे हे जाणून त्यांची रांग लावावी. परंतु जेथे कुंडी ढासळली आहे, तेथे ती ढासळली आहे असेच सांगावे.

माझ्या विद्यार्थ्याला मी अखेर उत्तर दिले. त्याने ते ऐकून घेतले आणि टेक्स अ‍ॅव्हरी हे नाव वहीत लिहून घेतले. त्याच्यासारख्यांना माझे एक सांगणे आहे. दिवाळीच्या सुटीत घरातील जुनी छायाचित्रे, पत्रे, वह्या व ध्वनिफिती बाहेर काढा. कोणत्या चित्रात कोण आहे, हे आजी-आजोबांना विचारून मागे पेन्सिलीने लिहा. कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले, हेही त्याखाली लिहा. ज्याचे नाव कोणालाच आठवत नाही, त्याच्या चित्रामागे 'नाव ठाऊक नाही' असे स्वच्छ लिहा. अंदाजाने नाव घालू नका. पुढे केव्हातरी ते नाव सांगणारा मनुष्य भेटेल, तेव्हा त्याच्यासाठी ती जागा मोकळी असली पाहिजे.