इंजेक्शन गाईला, मरण गिधाडाला

कंबर धरली की आपण डायक्लोफेनॅक घेतो. तेच दुखऱ्या गाईबैलांनाही टोचलं जायचं. जनावर मेलं की गिधाडं त्यावर तुटून पडायची आणि काही दिवसांत त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. मेलेलं गिधाड उघडून पाहिलं, तर काळजावर, यकृतावर युरिक ॲसिडचा पांढराफेक थर! 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं तब्बल 99.9 टक्क्यांनी घटली. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरची करावी लागली. आणि मेलॉक्सिकॅम? तेही जनावराचं दुखणं थांबवतं, पण गिधाडाला बाधत नाही. गुण देणारी दोन औषधं हाताशी असतील, तर तिसऱ्या जिवाचा विचार व्हायलाच हवा.

औषधांची अशीच झळ हवेलाही बसते. भूल देणारा डेसफ्लुरेन वायू रुग्णाच्या श्वासातून जवळपास जसाच्या तसा बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरतो. भुलीचाच दुसरा वायू सेव्होफ्लुरेन त्याच्या कितीतरी खाली. स्कॉटलंडने 2023 मध्येच डेसफ्लुरेनला रजा दिली.

भुलीसाठीच वापरल्या जाणाऱ्या लाफिंग गॅसची तऱ्हा आणखी वेगळी. ब्रिटनच्या रुग्णालयांनी तपासलं, तेव्हा बराचसा वायू रुग्णापर्यंत पोचतच नव्हता, नळ्यांतूनच गळत होता!

दम्याच्या पंपात औषधाला ढकलायला वायू भरलेला असतो. तोही हवा तापवतो. पंपाचे पाच फवारे म्हणजे मोटारीने सुमारे 14 किलोमीटर जाण्याइतका कार्बनचा भार, असा हिशेब ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2019 मध्ये मांडला. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या रोटाहेलरमध्ये असा वायूच नसतो. कॅप्सूल खोचायची, फिरवून फोडायची आणि पूड जोरात आत ओढायची. मात्र लहान मुलांना, किंवा दम लागलेला असताना, एवढा जोर लावता येत नाही. तिथे पंपच हवा. तेव्हा बदल डॉक्टरांना विचारूनच.

शेवटची गोष्ट वाचून तर ऊर भरून आला. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागे सुमारे 6 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. ब्रिटनमध्ये तो जवळपास वीसपट! मदुराईत उपकरणं निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, डोळ्यांत घालायच्या औषधाची एक बाटली अनेकांना पुरवतात, शस्त्रक्रियाही भराभर उरकतात. तरीही तिथलं संसर्गाचं प्रमाण अगदी कमी आहे.